दाखवलेल्या ओळीच्या वर पाहा

नव्याने प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांचा कोड मी अनेकदा पाहतो आणि त्यात एक गोष्ट हमखास आढळते: सिंटॅक्स एरर (भाषेच्या लेखननियमांतली चूक) आली की माणूस संदेशातला ओळ क्रमांक वाचतो, त्या ओळीवर जातो आणि तिथे काहीही चुकलेले नसताना तीच ओळ पुन्हा पुन्हा बदलत बसतो. वास्तविक कोड वाचता वाचता पार्सर (कोडची रचना तपासणारा भाग) कुठे अडला, एवढेच तो क्रमांक सांगतो. मूळ चूक बहुधा तिथेच किंवा त्याच्या वर असते.

पायथॉनचे उदाहरण घेऊ. (पायथॉन 3 मध्ये देवनागरी नावे चालतात.) सातवी आणि आठवी ओळ अशी आहे:

एकूण = (किंमत + कर
सूट = 10

कंस उघडाच राहिल्यामुळे ओळ संपली तरी पायथॉनच्या लेखी विधान संपत नाही. तो पुढे वाचत जातो आणि 'सूट' हे नाव अनपेक्षितपणे समोर येताच थांबतो. म्हणून जुन्या आवृत्त्या निर्दोष आठव्या ओळीवर बोट ठेवून नुसते 'इनव्हॅलिड सिंटॅक्स' म्हणत. 2021 मध्ये आलेल्या 3.10 पासून मात्र कंस बंद झालेला नाही असे स्पष्ट सांगितले जाते, आणि नवशिक्याने नवी आवृत्ती वापरायला माझ्या मते हे एकच कारण पुरेसे आहे.

सीसारख्या भाषांत एका चुकीपायी तक्रारींची रांग लागू शकते. तेव्हा पहिलीच दुरुस्त करून पुन्हा कंपाइल करावे (कोड यंत्राला चालवता येईल अशा रूपात बदलावा), कारण बाकीच्या अनेकदा तिच्याचमुळे आलेल्या असतात.

डोळ्यांना न दिसणाऱ्या चुका अधिक छळतात. वर्ड प्रोसेसरमधून कॉपी केलेल्या कोडमध्ये सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळणदार चिन्हे येतात, तर कधी साध्या स्पेससारखेच दिसणारे वेगळे अक्षर शिरते. अशी ओळ हाताने पुन्हा टाइप करणे सर्वांत सोपे. टॅब आणि स्पेस यांची सरमिसळ पकडण्यासाठी एडिटरमध्ये मोकळ्या जागा दाखवण्याची सोय सुरू करावी.

एवढे करूनही चूक सापडली नाही, तर एकेक फंक्शन (कोडचा नाव दिलेला तुकडा) कॉमेंट करून, म्हणजे भाषेने दुर्लक्ष करावे अशी खूण त्याला लावून, एरर कधी नाहीशी होते ते पाहावे. मात्र पायथॉनमध्ये एखाद्या फंक्शनचा फक्त आतला भाग कॉमेंट केला तर ते रिकामे राहून नवीच एरर येते, म्हणून तिथे तात्पुरते 'पास' (pass) हे काहीही न करणारे विधान लिहावे.