दामोदरचं वजन

आमच्या दुकानाच्या वहीत 'रा.ल.' म्हणजे राणी लक्ष्मीबाई. 'रा.ल. ६ वर्षं', 'रा.ल. १० वर्षं' असे मापाप्रमाणे नग लिहिलेले असतात आणि प्रत्येकापुढे '+ दामू'. दामू म्हणजे पाठीला बांधायचं बाळ. आईने जुन्या पलंगपोसाचं शिवलेलं, आत कापूस, डोळ्यांच्या जागी काळ्या टिकल्या. असे आमच्याकडे नऊ दामू आहेत. हरवला तर डिपॉझिटमधून ऐंशी रुपये कापतो.

दुकान इंदूरला, रामबागेत. वडिलांनी सुरू केलं तेव्हा मराठी नाटकमंडळींना पोशाख भाड्याने जायचे. आता नाटकवाले वर्षातून दोनदा फिरकतात, पोट भरतं ते शाळांवर. ऑगस्टचा दुसरा आठवडा म्हणजे आमची दिवाळी. नेहरू, टिळक, भगतसिंह, भारतमाता आणि सगळ्यांत जास्त रा.ल.

या धंद्यात इतिहास पुस्तकातून येत नाही, सिनेमातून येतो. वडील सोहराब मोदींच्या १९५३ च्या 'झाँसी की रानी'चं कौतुक सांगत. हिंदुस्थानातला पहिला टेक्निकलर चित्रपट, त्यामुळे शालूचे रंग कुठले घ्यायचे हे त्यांनी पडद्यावरून ठरवलं होतं. २०१९ मध्ये 'मणिकर्णिका' आला आणि मुलींच्या आया मोबाइलवर फोटो घेऊन येऊ लागल्या. नऊवारी नको, चिलखत द्या. मी रेक्झिनवर चंदेरी रंग मारून, आत फोम घालून सहा चिलखतं शिवून घेतली. त्याच वर्षी 'पानिपत' आला, त्याचे फेटे अजून पेटीत पडून आहेत. 'बॉर्डर'मुळे तर फौजी पोशाखाबरोबर डोक्याला बांधायची लाल डागांची पट्टी ठेवावी लागते. एकदा महूचे एक निवृत्त सुभेदार नातवाला घेऊन आले होते. पट्टी पाहून म्हणाले, "लोंगेवालाला त्या रात्री चौकीवरचे आपले दोन जवान गेले. सिनेमाने किती मारले, मोजा." त्या चौकीचे प्रमुख मेजर कुलदीपसिंग चांदपुरी १९७१ च्या त्या लढाईनंतर जवळजवळ सत्तेचाळीस वर्षं जगले, २०१८ मध्ये वारले. पट्टी मात्र नातवाने हट्टाने नेली.

तर १३ ऑगस्ट. सकाळपासून झड लागलेली, दुकानात ओल्या छत्र्यांचा ढीग, आठ-दहा गिऱ्हाइकं. एक आजी आल्या, बरोबर सहावीतली नात आणि तिसरीतला नातू. आजी सरकारी शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. बोलण्यावरून कळत होतंच, पण त्यांनी ते सांगितलंही.

नातीला रा.ल. ११ वर्षं काढून दिली. अंगरखा, शेला, तलवार, ढाल. वरून दामू ठेवला.

"हे नको," आजी म्हणाल्या. "दामोदर आमच्याकडे आहे." आणि नातवाला पुढे केलं.

मी हसलो. "आजी, तो मोठा आहे हो. दामोदर तान्हा होता."

"कोणी सांगितलं?"

आता काय सांगणार! सिनेमात पाहिलं, कॅलेंडरवर पाहिलं, पुतळ्याच्या पाठीवर पाहिलं, आणि तीस वर्षं माझ्याच हातांनी बांधलं.

"तान्हा होता तो पहिला," आजी म्हणाल्या. "पोटचा. १८५१ मध्ये झाला आणि काही महिन्यांचा होऊन गेला. हा दत्तक. नेवाळकरांच्याच, म्हणजे झाशीच्या राजांच्याच घराण्यातला, नाव आनंदराव. २० नोव्हेंबर १८५३ ला मांडीवर घेतला, नाव दामोदर ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी बाईंचे यजमान गंगाधरराव गेले. तेव्हा हा चार-पाच वर्षांचा. झाशीतून बाई निघाल्या ते एप्रिल १८५८. कर हिशेब."

हिशेब मला येतो. आठ-नऊ वर्षांचा पोरगा. नातू तेवढाच होता.

पुढे जे झालं ते पोरांमुळे. नात म्हणाली, मी बांधून दाखवते. शेला काढला, भाऊ पाठीवर चढला, मी मागून गाठ मारली. ती दोन पावलं चालली आणि दोघं फौजी पोशाखांच्या ढिगात. दुकानभर हशा. मग आमच्याकडे काम करणारा पोरगा पुढे आला, बावीस वर्षांचा, रोज पेट्या उचलणारा. "मेरे को बांधो भैया." त्याच्या पाठीला मुलाला बांधलं. तो उभा राहिला, चाललाही. आजी म्हणाल्या, "आता तलवार उचल आणि वळून मार."

त्याने हात वर नेला तसा शेला गळ्याशी आवळला, मुलगा एका बाजूला लोंबला, आणि ॲल्युमिनियमची तलवार छताच्या पंख्याला लागता लागता राहिली. तो गपकन खाली बसला. या वेळी कुणी फारसं हसलं नाही.

शेजारी रद्दीवाल्याचा काटा आहे. पोरं कशी असतात, नातू धावत जाऊन काट्यावर उभा राहिला. चोवीस किलो. रद्दीवाल्याने गंमत म्हणून दामूही ठेवला. काटा जेमतेम हलला.

पाऊस थांबत नव्हता, लोक अडकलेलेच होते, त्यामुळे आजींना वर्ग मिळाला. मी मधे मधे मापं घेत ऐकत होतो. "बाई घोड्यावरून मुलाला घेऊन निघाल्या यात खोटं काही नाही," त्या म्हणाल्या. "पण सिनेमात किल्ल्यावरून उडी मारली की पुढचा सीन काल्पीचा. मधले शंभर मैल कुठे गेले? भांडेरला ही मंडळी न्याहारीला थांबली. मागून लेफ्टनंट बोकरचे स्वार आले. अर्धवट टाकलेली न्याहारी त्याला सापडली, ही माणसं नाही सापडली. आठ वर्षांच्या मुलाला भूक लागते, म्हणून थांबायला लागतं. बाहुलीला लागत नाही."

ग्वाल्हेरबद्दल मी विचारलं, कारण चिलखताचा प्रश्न माझ्या डोक्यात होता. बाई पडल्या ते तिथे जवळच, कोटा की सरायला, १७ जून १८५८. आपल्याकडे पुण्यतिथी १८ जूनला पाळतात. आजी म्हणाल्या, त्या दिवशी बाई घोडेस्वाराच्या पोशाखात होत्या. इंग्रजांच्या हुसार म्हणजे हलक्या घोडदळातल्या ज्या स्वाराने वार केला त्यालाही कळलं नाही आपण कुणाला मारलं. ना शालू, ना दागिन्यांनी मढलेलं चिलखत. माझ्या सहा चिलखतांकडे मी पाहिलं नाही.

"आणि मुलगा?" बाजूच्या एका बाईंनी विचारलं. त्यांची मुलगी भारतमाता होती, तिरंगी साडीला पिना लावायच्या राहिल्या होत्या.

"रामचंद्रराव देशमुखांच्या हवाली. पुढे दोन वर्षं थोड्याशा जुन्या नोकरांबरोबर रानावनात. आसरा द्यायची कुणाची छाती नव्हती, आश्रय दिला की इंग्रज दारात. मग १८६० मध्ये त्याला रेसिडेंटापुढे, म्हणजे इंग्रज सरकारच्या प्रतिनिधीपुढे हजर केलं. सर रिचमंड शेक्सपियर तेव्हा इथे होता. इथे म्हणजे आपल्या इंदुरात. त्याने पेन्शन लावून दिलं. झाशीचा राजपुत्र याच शहरात वाढला, याच शहरात लग्न केलं, आणि १९०६ मध्ये याच शहरात गेला. शेहेचाळीस वर्षं."

मी टेप गळ्यात तसाच ठेवून उभा होतो. वडिलांच्या बोलण्यात 'झाशीवाले' हे आडनाव यायचं. मला वाटायचं, जसे कुणी उज्जैनवाले, कुणी धारवाले, तसे हे. तीस वर्षं राणीचे पोशाख भाड्याने देतोय आणि त्या घराण्याचा धागा माझ्याच गावात होता हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे मीही कुणाला विचारलं नव्हतं.

आजींना राग कसला होता ते मग कळलं. "डलहौसीच्या सरकारने दत्तक पूर्ण नाकारला असंही नाही," त्या म्हणाल्या. "खाजगी मिळकतीपुरता मानला. राज्यापुरता नाही. १८५४ मध्ये झाशी खालसा. म्हणजे ज्या मुलावरून झाशीचा वाद पेटला, तो युद्ध संपल्यावर जिवंत होता, आणि त्याच्यावर एक सीन नाही. पडदा पडतो तेव्हा तो रानात उपाशी असतो."

त्यांना दोन पोशाख हवे होते नातवासाठी. पहिला, झाशीतून निघतानाचा. दुसरा, रेसिडेन्सीच्या दारातला दहा वर्षांचा मुलगा. वहीत दोन्ही नाहीत. पहिल्यासाठी मी बाल शिवाजीचा अंगरखा काढला, जिरेटोप बाजूला ठेवला आणि नाटकाच्या पेटीतली लहान पगडी बसवली. दुसऱ्यासाठी 'शेतकरी' संच: बंडी, आखूड धोतर. खांद्यावरचा नांगर परत घेतला. मुलाने आरशात पाहिलं आणि विचारलं, "आजी, हा राजा आहे की गरीब?" आजी पिशवीत पैसे शोधत होत्या, त्यांनी ऐकलं नाही. किंवा ऐकलं असेल.

पाठीला बांधायचं तर रद्दच झालं. शेवटी असं ठरलं की ताई पुढे, भाऊ मागे, एकाच शेल्याने दोघांच्या कमरा बांधायच्या, एकाच घोड्यावर बसल्यासारखं. मी गाठीऐवजी आतून वेल्क्रो लावून दिला, स्टेजवर कुणी पडलं तर सुटावं म्हणून.

१६ तारखेला संध्याकाळी आजी पोशाख परत करायला आल्या. वेशभूषा स्पर्धेत नंबर आला नव्हता. परीक्षकांपैकी कुणी म्हणालं, पाठीवर बाळच नाही तर ही राणी लक्ष्मीबाई ओळखायची कशी? दुसरा प्रवेश तर लोकांना कळलाच नाही. निवेदकाने घाईत "और ये हैं हमारे नन्हे किसान" अशी घोषणा केली. आजी हे सांगताना हसत होत्या, पण पावती घडी करताना त्यांनी ती चार वेळा घडी केली. बंडीचा एक बंद तुटला होता. त्याचे पैसे मी कापले नाहीत.

त्यांच्यामागे एक बाई उभ्या होत्या. कुठल्याशा सोसायटीचा कार्यक्रम रविवारी होता, मुलगी सहा वर्षांची, रा.ल. पाहिजे. आता सहा वर्षांची राणी चोवीस किलोचा दामोदर कुठे बांधणार? मी दामू दिला. आजींनी पाहिलं, काही म्हणाल्या नाहीत, छत्री उघडून निघाल्या.

रात्री वही काढली. 'दामू' खोडून तिथे 'बाळ' लिहिलं. खाली दोन नव्या ओळी घातल्या. 'दामोदर, ८ वर्षं: अंगरखा, पगडी, शेला (वेल्क्रो).' 'दामोदर, १० वर्षं: बंडी, धोतर.' पहिला नग त्यानंतर दोनदा गेला. दुसऱ्याला अजून गिऱ्हाईक नाही.