मी बंद केलेली खिडकी

जुलैची १६ तारीख. पाऊस चार दिवस हलला नव्हता. सांगलीत त्या दिवसांत कुणीही भेटलं की पहिला प्रश्न एकच, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती? सकाळी सव्वाआठला विश्रामबागेतल्या एका ताईंचा फोन आला, तेव्हा मला वाटलं पाण्याचंच काहीतरी असेल. त्या म्हणाल्या, "दादा, लगेच येता का? एकही फाइल उघडेना झालीय."

ताई घरी बसून चौदा जणांचे हिशेब लिहितात. तीन बेदाण्याचे व्यापारी, एक हळदीचे अडते, बाकी किराणा, कापड, हार्डवेअरवाले. सगळं एकाच कॉम्प्युटरवर. तिथे जाऊन माउस हलवला आणि पोटात गोळाच आला. प्रत्येक फाइलच्या नावापुढे चार अनोळखी अक्षरं चिकटलेली, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एक इंग्रजी चिठ्ठी: फाइली परत हव्या असतील तर ९८० डॉलर, ७२ तासांत संपर्क केला तर ४९०.

अशा वेळी मी आधी इंटरनेटची वायर काढतो, मग जुन्या प्रती शोधतो. विंडोजला सांगून ठेवलं तर ते फाइलींच्या आधीच्या आवृत्त्या बाजूला जपतं. ताईंच्या दोन्ही ड्राइव्हवर ती सोय मीच चालू केली होती. यादी उघडली तर रिकामी. अँटिव्हायरसही बंद. या दोन्ही गोष्टी ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार असल्याशिवाय होत नाहीत, आणि अधिकार घेताना विंडोज विचारतं. स्क्रीन काळवंडते, मध्ये एक खिडकी येते: या ॲपला तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बदल करू द्यायचे का? येस की नो.

ती खिडकी या कॉम्प्युटरवर येतच नव्हती. गेल्या दिवाळीत मी ती बंद केली होती.

तो दिवस मला लख्ख आठवतो. ताईंचं हिशेबाचं सॉफ्टवेअर जुनं. ते उघडलं की खिडकी, दुसरी कंपनी निवडायला बंद करून पुन्हा उघडलं की परत खिडकी. "सारखं सारखं काय विचारायलंय ओ ते, बंद करून टाका की," ताई म्हणाल्या. मी सेटिंगमधली पट्टी तळाला ओढली. एक मिनिटाचं काम, पैसेही घेतले नाहीत. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा आलं तेव्हापासून गिऱ्हाइकं हेच मागत आली. व्हिस्टात ती खिडकी फारच यायची. २००९ च्या विंडोज ७ मध्ये चार पायऱ्यांची पट्टी आली, मूळ सेटिंगवर त्रासही बराच कमी झाला, पण माझा हात तळाच्या पायरीवर बसला तो बसलाच.

आदल्या रात्री काय झालं ते ताईंच्या अकरावीतल्या भाच्याने रडत रडत सांगितलं. व्हिडिओ एडिटिंगचं महागडं सॉफ्टवेअर फुकट मिळतंय म्हणून त्याने उतरवलं, तिथे लिहिलं होतं तसा अँटिव्हायरस बंद केला आणि फाइल चालवली. ताई त्याच्यावर ओरडायला लागल्या. मी म्हटलं, "थांबा ताई. त्याची चूक आहे, पण त्याच्या आधीची चूक माझी आहे." आणि दिवाळीतलं सगळं सांगितलं.

त्यांनी विचारलं, "ती खिडकी असती तर वाचलं असतं का?"

मी खरं तेच सांगितलं. नक्की नाही. पोराने येस दाबलंही असतं. आणि आपल्या स्वतःच्या फाइली कुलूपबंद करायला अशा प्रोग्रॅमला ॲडमिनिस्ट्रेटर व्हावंच लागत नाही. आपण जे बदलू शकतो, ते आपल्या नावाने चाललेला प्रोग्रॅमही बदलू शकतो. पण जपलेल्या जुन्या प्रती पुसायला अधिकार लागतो. तिथे कुणीतरी नो म्हटलं असतं, तर मी दुपारपर्यंत निम्म्याहून जास्त माल परत आणला असता.

ताई बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "पुराचा भोंगा त्रास देतो म्हणून कुणी काढून टाकतं का?" आवाज चढला नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं.

कुलूप काढायची मोफत साधनं मी तपासली, या फाइलींची किल्ली मिळाली नाही. पैसे भरायचे नाहीत हे ताईंनीच ठरवलं. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार केली. कपाटात एक पेन ड्राइव्ह निघाला, ३१ मार्चचा बॅकअप. कॉम्प्युटरला लावून ठेवला नव्हता म्हणूनच वाचला. पण एप्रिलपासूनचं सगळं गेलेलं, आणि २० तारखेला ३बी, म्हणजे महिन्याचा जीएसटी रिटर्न, भरायचा. विक्री जीएसटी पोर्टलवरच्या भरलेल्या रिटर्नमधून उतरवली, खरेदी तिथल्याच २बी या खरेदीच्या यादीतून. उधारी-वसुली आणि रोखीचे व्यवहार मात्र कागदावरच होते. "मग बसा आता," ताई म्हणाल्या, "मी वाचते, तुम्ही टाका." रात्री अकरापर्यंत त्या पावत्या वाचत होत्या, मी नव्याने बसवलेल्या विंडोजवर आकडे टाकत होतो. भाच्याने तारखेप्रमाणे गठ्ठे लावून दिले. असे तीन दिवस गेले. १९ च्या संध्याकाळी सगळे ३बी गेले.

शेवटी मी ते केलं, जे दिवाळीतच करायला हवं होतं. ती खिडकी का येते हे पाहिलं. सॉफ्टवेअर आपला डेटा विंडोजच्या 'प्रोग्रॅम फाइल्स' या फोल्डरमध्येच ठेवत होतं. तिथे साध्या अधिकाराने लिहिता येत नाही, म्हणून बसवणाऱ्याने 'ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा' या खुणेवर टिक करून ठेवली होती. डेटा डी ड्राइव्हवर नेला, सॉफ्टवेअरला नवा पत्ता दिला, टिक काढली. अर्धा तास. खिडकी पूर्ण चालू ठेवूनही रोजच्या कामात ती आता एकदाही येत नाही. ताईंचं आणि भाच्याचं खातं साधं केलं, ॲडमिनिस्ट्रेटरचं वेगळं. आता नुसतं येस दाबून भागत नाही, पासवर्ड लागतो आणि तो फक्त ताईंकडे आहे. त्यांना एवढंच दाखवलं: खिडकीची वरची पट्टी निळी असेल तर बनवणाऱ्याचं नाव वाचा, पिवळी असेल तर बनवणाऱ्याची ओळख पटलेली नाही, आधी मला फोन करा.

मग घरी जुन्या पावतीपुस्तकांतून मी नावं काढली, कुणाकुणाची खिडकी बंद केली होती त्यांची. आठवली तेवढी सत्तावीस घरं. फोन करून सांगतो की मागे एक काम चुकीचं करून गेलोय, नीट करायला येतो, पैसे नाहीत. दोघांनी नको म्हणून सांगितलं, त्यांना तो त्रास परत नको आहे. त्यांच्याकडे पुन्हा जाईन. अकरा घरं झाली. उद्या कुपवाडला दोन आहेत, आणि मिरजेतले एक निवृत्त मास्तर, ज्यांच्या कॉम्प्युटरवर नातवाचे जन्मापासूनचे फोटो आहेत.