जिन्याखालची पेटी

"काका, ती पेटी वाजवायची नसते, ती फक्त स्नेहसंमेलनाला बाहेर काढतात," असे तिसरीतल्या एका मुलीने आज मला इतक्या समजूतदारपणे सांगितले की काय बोलावे ते सुचेना.

पालकसभेनंतर जिन्याखालच्या कपाटात, व्हॉलीबॉलच्या जाळीशेजारी, ती हार्मोनियम दिसली. परवानगी घेऊन भाता ओढून पाहिला, तर मधल्या सप्तकातल्या तीन पट्ट्या दाबल्यावर वर आल्याच नाहीत आणि भात्यातली हवा कुठून तरी निसटत राहिली. शेजारच्या तबल्याची शाईही उखडली होती. वेळापत्रकात मात्र दर शुक्रवारी शेवटची तासिका संगीताची आहे, आणि तिच्यात बहुधा गणिताचा राहिलेला भाग पुरा होतो, असे माझी मुलगी म्हणाली.

पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, ते गाणे घराण्यांच्या चौकटीबाहेर, सामान्य घरांतल्या मुलांपर्यंत पोचावे म्हणून. आपल्या राज्यात आज शास्त्रीय गायन-वादनाच्या परीक्षांसाठी दहावीला वाढीव गुण मिळतात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण शाळेतली पेटी मुकी असेल, तर त्या परीक्षांपर्यंत पोचणार ती खासगी शिकवणी परवडणारीच मुले. हे मला फार लागले.

पट्ट्या आणि भाता दुरुस्त करता येतात; त्याचा खर्च पालकांनी मिळून उचलावा, असे मी मुख्याध्यापकांना सुचवले आहे. पण शुक्रवारची ती तासिका संगीताला परत कोण देणार? तुमच्या मुलांच्या शाळेतली पेटी शेवटची कधी वाजली होती?