अलोकेशिया, काळी माती आणि सासूबाईंच्या वड्या

माझं माहेर रत्नागिरीकडचं, त्यामुळे मोठ्या पानांचा मोह जुना. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत इंदूरच्या आमच्या घरी एक अलोकेशिया (अळूसारख्या पानांचं शोभेचं झाड) आणि एक मॉन्स्टेरा (फाटक्या पानांचा शोभेचा वेल) आणला. नर्सरीवाला म्हणाला, "पानी रोज देना, बस." तेवढं ऐकलं आणि फसले.

अंगणातली काळी माती फुकटची, तीच कुंडीत भरली. गहू-सोयाबीनला ही माती सोन्यासारखी, पण कुंडीत ओली झाली की गोळा आणि वाळली की भेगा. त्यात रोजचं पाणी. महिन्याभरात अलोकेशियाची खालची पानं पिवळी पडली. उपसून पाहिलं तर मुळं तपकिरी, लिबलिबीत, आणि वास असा की नाकाला पदर लावावा. सडलेलं सगळं छाटलं. नव्या कुंडीत दोन वाट्या कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक वाटी शेणखत, एक वाटी विटांचे बारीक तुकडे, मूठभर कोळसा. पाणी घालण्याआधी बोट दोन पेरं खुपसून बघायचं. कोरडं लागलं तरच घालायचं.

झाड सावरतंय तोवर मे आला. बेचाळीस अंश आणि बाहेर लू. मी हुशारी केली, कुंडी थेट कूलरसमोर ठेवली. ओलावा मिळाला खरा, पण सतत अंगावर येणाऱ्या झोताने पानांच्या कडा करपल्या. कुंड्या बाजूला सरकवून एकमेकींना चिकटवल्या, तेव्हा कुठे थांबलं. त्याच दिवसांत पानांच्या मागे बारीक जाळी दिसली. लाल कोळी! पानांचा रस शोषणारी ही बारीक कीड, कोरड्या उन्हाळ्याचा पाहुणा. पानं दोन्ही बाजूंनी धुतली, मग दर आठवड्याला संध्याकाळी लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे चार थेंब घालून फवारलं. चौथ्या खेपेला गेले. बोअरच्या जड पाण्याने पानांवर पांढरे डाग पडतात, म्हणून नळाला दिवसाआड येणाऱ्या नर्मदेच्या पाण्यातलं एक बादलीभर झाडांसाठी राखून ठेवते. यावरून घरात बोलणी खाल्ली आहेत.

पावसाळ्यात कुंडी ओसरीत आली आणि झाड सुटलंच. पान सुपाएवढं. सकाळी पानाच्या टोकाशी थेंब लोंबायचा. झाड जास्तीचं पाणी असं बाहेर टाकतं. एके दुपारी मी बाजारात, आणि सासूबाईंनी दोन पानं कापली. "एवढी पानं वाया का घालवायची, वड्या होतील!" बेसन कालवून झालं होतं. शिरा काढता काढता हात इतके खाजले, की मी आले तेव्हा त्या चिंचेच्या कोळात हात बुडवून बसल्या होत्या. या पानांत सुईसारखे बारीक स्फटिक असतात. अळूतही असतात म्हणा, पण हे झाड शोभेचं, पोटात घालायचं नाही. बेसनाची शेवटी धिरडी झाली.

मॉन्स्टेराचं थोडक्यात सांगते. दिवाणखान्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात तो नुसते लांब देठ काढत होता, पानं अखंड. पूर्वेच्या खिडकीशी नेला आणि काथ्या गुंडाळलेली काठी रोवली, तेव्हा चौथं पान फाटकं निघालं. मला फाटकंच हवं होतं.

डिसेंबरात पारा दहाच्या खाली गेला आणि अलोकेशियाने एकेक पान टाकलं. कुंडीत नुसता बुंधा. मागच्या चुकीने शहाणी होऊन पाणी जवळजवळ बंद केलं, कुंडी आत ठेवली. सासूबाई म्हणाल्या, "गेलं बाई तुझं झाड." मी कंद दाबून पाहिला, घट्ट होता. मार्चमध्ये कोंब आला. कुंडी बदलताना मातीत बोराएवढे सात छोटे कंद सापडले. ते लावून शेजारीपाजारी वाटले. वाटण्याआधी प्रत्येक कुंडीवर सासूबाईंनी स्वतःच्या हाताने खडूने लिहिलं: वड्यांचं नाही.