माझ्या उजव्या हाताची शीर

"कोणत्या हाताने लिहिता?" डॉक्टरांनी विचारलं. मी "उजव्या" म्हटलं आणि त्यांनी कागदावर ‘फिस्टुला – डावा हात’ असं लिहून टाकलं, कारण डायलिसिससाठीचं हे ऑपरेशन शक्यतो कमी वापराच्या हातावर करतात. तेव्हा मला गप्प बसवेना. शाळेत बाईंनी माझ्या डाव्या हातातली पेन्सिल काढून उजव्यात दिली, म्हणून मी उजव्याने लिहिते. जेवतेही उजव्यानेच. पण कात्री डाव्या हातात चालते, आणि माझं पोट कात्रीवर आहे. नारायण पेठेत गेली बावीस वर्षं मी ब्लाउज शिवते. डॉक्टरांनी पेन थांबवलं, ‘डावा’वर काट मारली आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. "आधी दोन्ही हातांचं मॅपिंग करून या. मग ठरवू."

ज्यांना डायलिसिसची वाट धरावी लागली नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. यंत्रात रक्त सतत आणि जोरात जावं लागतं. साध्या शिरेतून तेवढं येत नाही, आणि जिच्यातून येतं ती धमनी खोल असते, तिला रोज टोचता येत नाही. म्हणून ऑपरेशन करून वरची एखादी शीर धमनीला जोडतात. धमनीचा दाब शिरेत उतरतो, महिना-दोन महिन्यांत ती फुगते, तिची भिंत जाड होते, आणि मग तिच्यात जाड सुया घालता येतात. हाच फिस्टुला. ही पद्धत अमेरिकेत १९६६ पासून रूढ झाली आणि मनगटावरचा फिस्टुला आजही सगळ्यात आधी विचारात घेतात. अशी शीर वेळेत तयार नसेल तर मानेत नळी घालावी लागते आणि तिच्यातून जंतुसंसर्गाची भीती कायम असते. माझी किडनी अजून थोडं काम करत होती, म्हणूनच डॉक्टरांना आधीपासून तयारी हवी होती.

मॅपिंग म्हणजे हाताची सोनोग्राफी. दंडाला रबर बांधलं, जेल लावलं आणि तिथल्या डॉक्टर मॅडम मनगटापासून खांद्यापर्यंत प्रोब फिरवत गेल्या. दाबल्यावर पडद्यावर जी मिटते ती शीर, न मिटता ठोके देत राहते ती धमनी. शीर किती मिलिमीटर रुंद, कातडीपासून किती खोल, मध्ये कुठे बंद तर नाही, हे सगळं त्या मोजून सांगत होत्या आणि मार्करने माझ्या हातावर रेघ ओढत होत्या. मापं घेणं हा माझा धंदा. इतक्या निगुतीने माझं माप कोणी घेतलेलं मी कधी अनुभवलं नव्हतं.

डाव्या हाताची रेघ सरळ निघाली. अंगठ्याच्या बाजूने वर जाणारी सेफॅलिक, करंगळीच्या बाजूची बॅसिलिक, आणि कोपराच्या खोबणीत दोघींना जोडणारी तिरकी शीर. रक्त काढताना बहुतेक वेळा हिलाच टोचतात. उजव्या हाताला मात्र मॅडमचा मार्कर कोपराशी थांबला. त्यांनी प्रोब वर नेला, खाली आणला, पुन्हा वर नेला.

"काकू, तुमची सेफॅलिक कोपराच्या वर जवळजवळ नाहीच. केसासारखी बारीक आहे. खालचं सगळं रक्त या तिरक्या शिरेतून बॅसिलिकला मिळतंय."

माझ्या पोटात गोळा आला. "म्हणजे काही बिघडलंय का?"

"बिघडलं काहीच नाही. जन्मापासून असंच आहे."

खालचा भाग मात्र बिघडलेला होता, आणि तो जन्मापासून नव्हे. पाच वर्षांपूर्वी मला डेंग्यू झाला होता. तेव्हा एका रुग्णालयात माझ्या उजव्या मनगटाच्या वर, अंगठ्याच्या बाजूला, तीनदा सलाईनची सुई बसवली. तिन्ही वेळा हात सुजला. ती शीर आता मध्येच बंद पडली होती. तेव्हा माझं ब्लडप्रेशर वाढलेलं होतं आणि लघवीत प्रथिनं सापडली होती. पुढेमागे किडनीसाठी हा हात लागू शकेल, सुया तळहाताच्या मागच्या बाजूला टोचा, असं सांगणारं तिथे कोणी नव्हतं. याचं मला आजही वाईट वाटतं. ज्यांच्या घरी किडनीचं दुखणं आहे त्यांना मी हात जोडून सांगते, मनगट ते कोपर हा भाग जपा. रक्त काढणाऱ्याला स्वतःहून सांगा.

घरी आले तेव्हा हातावरच्या रेघा तशाच होत्या. धुऊन जायच्या आत मी खाकी कागद हातावर गुंडाळून त्या उतरवून घेतल्या, बाहीचा कटिंग पेपर काढतो तशा. माझी भाची इथेच वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाला आहे. तिने कागद पाहिला आणि म्हणाली, "मावशी, आमच्या डिसेक्शन हॉलमध्येही असंच आहे. पुस्तकातल्या चित्रासारखा हात शोधावा लागतो." कोपरासमोरच्या शिरा कोणाच्या एच अक्षरासारख्या, कोणाच्या एन, कोणाच्या एम. कोणाला मधली जोडशीर नसतेच. कोणाची सेफॅलिक खांद्याशी आत न शिरता गळपट्टीच्या हाडावरून जाऊन मानेतल्या शिरेला मिळते. एकाच माणसाचे दोन हातही सारखे नसतात. गर्भात करंगळीच्या बाजूची शीर आधी तयार होते, अंगठ्याच्या बाजूची नंतर, तेही तिनेच सांगितलं. मला त्या बोलण्याने फार धीर आला. इतकी वर्षं लॅबमधली मुलं "तुमची नस सापडत नाही" म्हणत सुई आत फिरवायची आणि मी मुकाट्याने दोष माझ्याकडे घ्यायची.

निर्णय मात्र सोपा नव्हता. डाव्या मनगटावर एकच छोटं ऑपरेशन पुरलं असतं. उजव्या हाताला बॅसिलिक हाच रस्ता उरला होता. ती चांगली चार मिलिमीटर रुंद होती, पण दंडात ती आतल्या बाजूला खोल जाते. म्हणजे दोन ऑपरेशनं: आधी कोपराशी धमनीला जोडायची, आणि ती फुगल्यावर सोडवून कातडीखाली वर, पुढच्या बाजूला आणून ठेवायची. सर्जननी दोन्ही बाजू नीट समजावल्या. मनगटाचा पर्याय असताना दंडाकडे सहसा जात नाहीत, हेही स्पष्ट सांगितलं. मग विचारलं, "कात्री किती जड असते?" दुसऱ्या दिवशी मी दुकानातली कात्री पिशवीत घालून नेली. त्यांनी ती हातात घेतली, उघडमीट करून पाहिली आणि म्हणाले, "उजवा करू. डावा पुढच्यासाठी राखून ठेवू."

पहिलं ऑपरेशन अनंत चतुर्दशी झाल्यावर केलं, कारण विसर्जनाच्या दिवसांत आमच्या भागातून रिक्षासुद्धा बाहेर पडत नाही. उजव्या हातातल्या बांगड्या उतरवाव्या लागल्या, कायमच्या. त्या हाताला आता घड्याळ नाही, ब्लडप्रेशरचा पट्टा नाही, पाण्याची बादली नाही. सासूबाईंना बांगड्यांचं सांगताना माझा आवाज कापत होता. त्यांनी हिरव्या बांगड्या उचलल्या आणि माझ्या डाव्या हातात भरल्या. "दोन्ही हातांच्या एका हातात," एवढंच म्हणाल्या.

भूल फक्त हाताला होती. संध्याकाळी बधिरपणा उतरल्यावर मी डावा तळवा कोपराच्या वर ठेवला. मशीनची मोटर चालू असताना टेबलाला जी बारीक थरथर जाणवते, अगदी तशी. याला थ्रिल म्हणतात. रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी ती तपासायची, आणि थांबली तर त्याच घटकेला रुग्णालय गाठायचं. पहिल्या आठवड्यात बोटं गार पडतात का हेही बघत होते. मग रबरी चेंडू दाबायचा व्यायाम, दिवाळीचे ब्लाउज मदतनीस मुलीच्या हातून, आणि दिवाळीनंतर दुसरं ऑपरेशन. ते जास्त दुखलं. काखेपासून कोपरापर्यंत टाके होते आणि पंधरा दिवस हात उशीवर ठेवूनच झोपले.

शीर तयार झाली का, हे बघायला सहाचा हिशोब लावतात: सहा मिलिमीटर रुंद, कातडीपासून सहा मिलिमीटरच्या आत आणि मिनिटाला ६०० मिलिलीटर रक्त. संक्रांतीच्या आसपास माझी तिन्ही मापं बसली. तोवर जुना खाकी कागद निकामी झाला होता, कारण शीरच जागेवरून हलली होती. मी सर्जनकडून हातावर नवी रेघ काढून घेतली, रक्त कुठल्या दिशेने जातं त्याचा बाण आणि टाक्यांचा व्रण यांसकट, आणि नवा कागद उतरवला.

फेब्रुवारीत पहिलं डायलिसिस झालं. मानेत नळी घालावी लागली नाही. सुया लावणारा मुलगा तरुण होता. त्याने सवयीने माझ्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला, सेफॅलिक असते तिथे, बोटं फिरवली. हाताला काही लागेना. मी पिशवीतून कागद काढून दंडावर ठेवला. त्याने बाण पाहिला, व्रण पाहिला, मग डोळे मिटून बोटांनी ती थरथर शोधली. "मिळाली, काकू." दोन्ही सुया पहिल्या खेपेला बसल्या. जाताना त्याने तो कागद मागून घेतला आणि माझ्या फाइलीत पहिल्या पानावर चिकटवला.