अकरानंतरचा गरम वडा: इंग्लंडमध्ये रात्रीचं लायसन्स काढताना

इंग्लंड-वेल्समध्ये रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळात गिऱ्हाइकाला गरम काहीही विकायचं तर कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, लायसन्स लागतं. गार विकायला लागत नाही. म्हणजे रात्री साडेअकराला मी श्रीखंड, चिवडा, ताक खुशाल विकू शकते, पण वडा तळून दिला की कायदा मोडला. 'गरम' कशाला म्हणायचं हेही कायद्यातच लिहिलंय: भोवतालच्या हवेपेक्षा जास्त गरम खाता यावं म्हणून तापवलेलं, आणि हातात देताना तसं असलेलं. गार झालेला वडा चालतो, पण तो दुकानातच तापवून घ्यायची सोय ठेवली तर पुन्हा लायसन्स आलंच. फुकट दिलं तर सूट. पैसे टाकले की आपोआप चहा देणाऱ्या यंत्रालाही सूट. मी आलं ठेचून केलेल्या चहाला मात्र नाही.

हा २००३चा लायसन्सिंग ॲक्ट, नोव्हेंबर २००५पासून लागू झालेला. त्याआधी दारूची लायसन्सं मॅजिस्ट्रेट देत. या कायद्याने ते काम स्थानिक कौन्सिलकडे आलं. आपल्याकडे पुण्या-मुंबईत परमिट रूमचं लायसन्स उत्पादन शुल्क खात्याकडे, आणि नगरसेवक फार तर कुणाला तरी फोन करणार. इथे नगरसेवकच न्यायाधीशासारखे समोर बसतात आणि निकाल देतात, हे मला इथे इतकी वर्षं राहूनही माहीत नव्हतं.

आमचं दुकान एका विद्यापीठाच्या गावात आहे. वडापाव, मिसळ, भजी, चहा. दारू नाही. पोरं लायब्ररीतून बाहेर पडतात साडेदहा-पावणेअकराला, आणि अकराला आम्ही शटर ओढायचो तेव्हा रांग दारातच असायची. नवरा रोज हळहळायचा. शेवटी मी म्हटलं, हळहळण्यापेक्षा अर्ज करू.

कायद्याशी थोडी ओळख कोजागरीमुळे झालेली होती. आमच्या मंडळाची कोजागरी हॉल भाड्याने घेऊन होते, तिकीट लावून, आणि मसाला दूध अर्थातच बाराच्या सुमारास. तिकिटातून गरम दूध, तेही अकरानंतर! मंडळातले एक काका या सगळ्यात मुरलेले. ते दरवर्षी 'टेंपररी इव्हेंट नोटीस' (तात्पुरत्या कार्यक्रमाची सूचना) भरतात. २१ पौंड, माणसं ४९९पर्यंत, कामाचे दहा दिवस आधी द्यायची. त्यावर हरकत फक्त पोलीस आणि पर्यावरण-आरोग्य खातं घेऊ शकतं, शेजारी नाही. दुकानासाठीही हाच मार्ग वापरावा असं आधी वाटलं, पण एका जागेला वर्षात अशा नोटिसा मोजक्याच मिळतात, आणि एकूण दिवसांवरही मर्यादा आहे. सणासुदीला ठीक, धंद्याला नाही.

अर्जाआधी एक गोष्ट बघितली ती शेजारच्या तुर्की कबाबवाल्याच्या सांगण्यावरून. तो म्हणाला, ताई, लायसन्स नंतर, आधी प्लॅनिंगचा कागद काढ. दुकानाच्या जागेला बांधकाम-वापराची जी परवानगी असते तिच्यातही कधी कधी बंद करायची वेळ लिहिलेली असते, आणि दोन्ही खाती एकाच इमारतीत असली तरी एकमेकांना बांधील नाहीत. लायसन्स दोनपर्यंतचं आणि प्लॅनिंग अकरापर्यंतचं असेल तर अकरा हीच वेळ खरी. आमच्या जागेवर तशी अट नव्हती. त्याच्या ओळखीच्या एकाने सगळा खर्च करून मग हा कागद पाहिला होता.

अर्ज ऑनलाइन केला. तो बरा पडतो, कारण मग पोलीस, अग्निशमन, पर्यावरण-आरोग्य, प्लॅनिंग, बालसंरक्षण वगैरे सगळ्यांना प्रती कौन्सिलच पाठवतं. कागदी अर्ज केला तर ते टपालकाम आपल्या गळ्यात. दुकानाचा नकाशा मोजमापासह. फी जागेच्या करमूल्यावर ठरते. आमची १९० पौंड आणि पुढे दरवर्षी १८०. व्यक्तीच्या नावाने अर्ज असेल तर इथे काम करायचा हक्क असल्याचा पुरावा जोडावा लागतो. २०१७पासून होम ऑफिसही (इथलं गृहखातं) अर्जाच्या प्रती जाणाऱ्यांच्या यादीत आलंय, तेव्हा व्हिसावर असलेल्यांनी हे आधी तपासावं.

खरं काम आहे ते 'ऑपरेटिंग शेड्यूल' नावाच्या भागात. कायद्याची उद्दिष्टं चार: गुन्हे आणि दंगा रोखणं, लोकांची सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रव टाळणं, मुलांचं रक्षण. त्या प्रत्येकासाठी तुम्ही काय करणार ते लिहायचं. आपल्याला शाळेपासून सवय, रकाना मोठा असेल तर भरभरून लिहायचं. माझ्या भाच्याने (तो इथेच वकिली शिकतोय) पहिला मसुदा वाचला आणि अर्ध्याहून जास्त खोडला. मी लिहिलं होतं, 'दुकानासमोरचा रस्ता सदैव स्वच्छ ठेवू.' तो म्हणाला, मावशी, इथे लिहिशील ते उद्या लायसन्सची अट होऊन येईल, आणि अट मोडून धंदा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद आणि दंडाला वरची मर्यादा नाही. 'सदैव' कोण ठेवणार? मग ते झालं: 'बंद करताना दारापासून दोन्ही बाजूंना ठरावीक अंतरापर्यंत आमचा कचरा उचलू.' हे करता येतं आणि केलं की नाही हे कुणालाही बघता येतं. हा अर्ज म्हणजे स्वतःवर घालून घ्यायच्या अटींची यादी आहे, हे ज्याला समजलं त्याचं निम्मं काम झालं. गोड बोलायची जागा ती नव्हे.

मग अर्जाची जाहीर सूचना देणारा फिकट निळा कागद. ए-फोर किंवा मोठा, अक्षर सोळा आकाराचं तरी, दुकानाच्या दर्शनी भागी सलग २८ दिवस. रंगसुद्धा कायद्यातच ठरलेला. शिवाय स्थानिक वर्तमानपत्रात जाहिरात, अर्जानंतर कामाच्या दहा दिवसांत. ही जाहिरात फीपेक्षा महाग पडली, आणि ती वाचलेला माणूस मला आजवर भेटलेला नाही. निळा कागद मात्र गल्लीतल्या प्रत्येकाने वाचला. काही जण वाचून आत येऊन वडा घेऊन गेले, काहींनी फोटो काढला.

या २८ दिवसांत कुणीही हरकत घेऊ शकतं. पूर्वी फक्त आसपास राहणाऱ्यांना घेता यायची, २०१२पासून तीही अट गेली. एकही हरकत आली नाही तर लायसन्स द्यावंच लागतं, सुनावणीच होत नाही. आम्हाला तेवढं नशीब नव्हतं.

पोलिसांचं पटकन मिटलं. त्यांना कॅमेऱ्याचं चित्रण ३१ दिवस जपलेलं हवं होतं, भांडण-बिंडण झालं तर नोंदवही हवी होती, आणि काचेच्या बाटल्या नकोत. मान्य केलं, त्यांनी ईमेलवर हरकत मागे घेतली. पर्यावरण-आरोग्यवाले मात्र मागच्या भिंतीवरच्या एक्झॉस्टपाशी अडले. भजी तळायची तर पंखा चालूच हवा, आणि मागच्या गल्लीतल्या बेडरूमच्या खिडक्या त्या पंख्यासमोर. पंख्याला सायलेन्सर आणि खाली थरथर शोषणारी रबरं बसवून घेतली (या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोठा खर्च हाच), आणि बंद व्हायच्या अर्धा तास आधी कढई उतरवायची असं ठरलं. शेवटच्या अर्ध्या तासात चहा, मिसळ आणि आधी तळून ठेवलेलं. नवऱ्याला हे अजूनही पटलेलं नाही.

राहिली रहिवाशांची पत्रं. नावा-पत्त्यांसकट ती अर्जदाराला मिळतात. पहिल्यांदा वाचताना राग आला, हे खरं. 'मसाल्याचा वास' हे शब्द दिसले की आपलं डोकं फिरतंच. भाचा म्हणाला, राग बाजूला ठेव आणि रंगीत पेनं घे. कायद्याच्या चार उद्दिष्टांत बसेल ते एका रंगात, न बसेल ते दुसऱ्या. 'गावात टेकअवे आधीच खूप आहेत' हे बसत नाही. गरज आहे की नाही हे बाजार ठरवतो, लायसन्स समिती नाही. (काही भागांत दुकानांची एकत्रित गर्दीच त्रासाचं कारण म्हणून कौन्सिल आधीच जाहीर करून ठेवतं, तिथे गोष्ट वेगळी. आमचा रस्ता त्यात नव्हता.) 'घरांच्या किमती पडतील' हेही नाही. पण डिलिव्हरीवाल्यांच्या मोपेड इंजिन चालू ठेवून गल्लीत उभ्या राहतात, हे बसतं. लोक भिंतीवर बसून खातात आणि मोठ्याने बोलतात, हेही बसतं. आणि वाससुद्धा बसू शकतो, राग आला तरी.

दुसऱ्या रंगाचं सोडून दिलं आणि पहिल्या रंगातल्या एकेका मुद्द्यावर काय देता येईल ते मांडलं. ॲपवरच्या ऑर्डरी अकरानंतर बंद, फक्त दारात येणारं गिऱ्हाईक. हे लिहून मागच्या गल्लीत घरोघर पत्र टाकलं, दुकानाचा फोन नंबर देऊन. काही हरकती तिथेच मागे घेतल्या गेल्या. कौन्सिलच्या माणसाने हे आपणहून सुचवलं नव्हतं. पण विचारल्यावर म्हणाला, अवश्य करा, सुनावणीआधी जेवढं मिटेल तेवढं चांगलं.

सुनावणी टाउन हॉलमध्ये, भर दुपारी. म्हणजे दुकान बंद. तीन कौन्सिलर, म्हणजे नगरसेवक, त्यांना कायदा सांगायला एक वकील, टिपणं घ्यायला एक बाई, आणि लायसन्स अधिकारी. आमच्या वॉर्डाचा कौन्सिलर समितीत नव्हता. दोन्ही बाजूंना बोलायला वेळ सारखाच. एकमेकांना उलटसुलट प्रश्न विचारायचे नाहीत, समितीने परवानगी दिली तरच. त्यामुळे टीव्हीवरच्या कोर्टासारखं काही होत नाही. बरंच झालं.

सर्वांत चांगलं बोलल्या त्या आमच्याविरुद्ध आलेल्या एक निवृत्त शिक्षिका. वहीत तारीख, वेळ, काय आवाज, किती वेळ, असं टिपलेलं. बाकीचे 'रात्री झोप लागणार नाही' म्हणत होते. बाई 'अमुक तारखेला पावणेअकराला मोपेड, वीस मिनिटं' म्हणत होत्या. इथल्या समित्यांना निर्णय पुराव्यावर घ्यावा लागतो, निव्वळ भीतीवर नाही, आणि वही हा पुरावा आहे. अध्यक्षांनी विचारलं, यातले आवाज या दुकानाचे किती? बाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं, कबाबवाल्याचे की यांचे हे मला खिडकीतून कळत नाही. मनात आणलं असतं तर त्या 'यांचेच' म्हणू शकल्या असत्या.

मला आलेला अवघड प्रश्न वेगळाच होता. एका कौन्सिलरने विचारलं, हा पदार्थ बसून खातात की हातात धरून? म्हटलं, हातात धरून. मग ते म्हणाले, म्हणजे लोक दारातच उभे राहून खाणार. वडापावचा हाच तर गुण, पण त्या खोलीत तोच दोष ठरत होता. मी सांगितलं की अकरानंतर आतल्या खुर्च्या चालू ठेवू, बाहेरचा बाक दहालाच आत घेऊ, आणि दारावर शांतता राखायची पाटी लावू. बाक आत घेण्याची गोष्ट त्यांनी लगेच लिहून घेतली.

तिघं वकिलाला घेऊन आतल्या खोलीत गेले. निकाल तिथेच सांगायचं बंधन नसतं, कामाच्या पाच दिवसांत देता येतो. आम्हाला त्याच दुपारी सांगितला. आम्ही मागितलं होतं रोज एकपर्यंत आणि शुक्रवार-शनिवार दोनपर्यंत. मिळालं रविवार ते गुरुवार बारा, शुक्रवार-शनिवार एक. अटी सगळ्या आमच्याच लेखणीतल्या, बाकाची एक नवीन. कारणं पुढे लेखी आली, परिच्छेदवार.

नवऱ्याला वाटलं, निम्मंच मिळालं. मला वाटतं, जेवढ्याचं आम्ही पटवून देऊ शकलो तेवढं मिळालं. अशाच समित्यांच्या हातात केवढी ताकद असते ते लंडनच्या फॅब्रिक क्लबच्या वेळी सगळ्यांनी पाहिलं: सप्टेंबर २०१६मध्ये इस्लिंग्टन कौन्सिलच्या उपसमितीने लायसन्सच रद्द केलं, आणि क्लब पुन्हा उघडला तो नव्या कडक अटी मान्य करूनच. तिथे मुद्दा अंमली पदार्थांनी झालेल्या मृत्यूंचा होता, आमचा मोपेडचा. पण खुर्ची तीच. निकालावर २१ दिवसांत मॅजिस्ट्रेट कोर्टात जाता येतं, आणि ते हरकत घेणाऱ्यांनाही. तेवढे दिवस जाईपर्यंत मी रात्रीसाठी नवा माणूस ठेवला नाही.

आता दारावर निळ्या कागदाच्या जागी लायसन्सचा सारांश लावलाय; तो लावणंही सक्तीचं आहे. वार्षिक फीची तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने, कारण ती चुकली तर लायसन्स स्थगित होऊ शकतं. शिक्षिकाबाईंचा फोन अधूनमधून येतो. बहुतेक वेळा मोपेड दुसऱ्याच कुणाची असते, तरी मी बाहेर जाऊन बघते.

सध्या घरात वाद चालू आहे तो शुक्रवार-शनिवार दोनपर्यंत वाढवून मागायचं का यावर. वेळ वाढवायची तर पुन्हा अर्ज, पुन्हा निळा कागद, पुन्हा ती जाहिरात. नवरा म्हणतो, आता आपल्याविरुद्ध एकही तक्रार नोंदलेली नाही, हीच वेळ आहे. मी म्हणते, आधी एक ते दोन या वेळात तळायला कोण उभं राहणार ते सांग.