कपाटामागची शेती

मृगाच्या पहिल्या सरीवर लिहिणारे पुष्कळ. आर्द्रा, पुनर्वसू मागे पडून पुष्य लागेपर्यंत घरात काय काय उगवतं, त्यावर मात्र कुणी एक ओळ खर्च करत नाही. ठेवणीतल्या कातडी बुटांवर हिरवट लव येते. लग्नात शिवलेला ब्लेझर हँगरवरच पांढुरका होतो. पापड सादळतात, काडेपेटी पेटत नाही, लोणच्यावर बुरा धरतो आणि बरणीत ओला चमचा कुणी घातला याची चौकशी बसते. (बसते, निकाल कधीच लागत नाही.) शिवाय दार उघडताच एक कुबट वास. तो घरच्यांना येत नाही, पाहुण्यांना उंबऱ्यातच येतो, पण पाहुणे सभ्य असतात.

आमचं घर ठाण्यात. नैऋत्येकडून येणारा पाऊस पश्चिमेच्या भिंतीला पावसाळाभर झोडपतो आणि नेमकं त्याच भिंतीला टेकून आमचं प्लायवूडचं कपाट उभं आहे, कारण दुसरीकडे ते मावत नाही. गणपतीच्या आधी साफसफाई निघाली की कपाट पुढे ओढलं जातं आणि मागचं पीक उघड्यावर येतं. एकदा मुलीचं शाळेतलं भिंग घेऊन मी त्या पिकासमोर मांडी घालून बसलो. लांबून जे काळे शिंतोडे वाटतात, ते जवळून छोटे छोटे गोल निघाले. मधे गडद, कडेला फिकट. दोन गोल वाढत वाढत एकमेकांना भिडतात तिथे मधे एक बारीक कोरी रेघ राहते, दोन शेतांमध्ये बांध असावा तशी. बीमखालच्या कोपऱ्यात रंग शेवाळी, खाली स्कर्टिंगजवळ पांढरा, आणि कपाटाच्या पाठीवर, जिथे सनमायका लावायचे पैसे सुताराने आणि आम्ही मिळून वाचवले होते, तिथे करडी भुकटी. बोटाला लागते ती भुकटी म्हणजेच बियाणं.

हे बियाणं, म्हणजे बुरशीचे बीजाणू, कुणी घरात आणावे लागत नाहीत. ते हवेत कायम असतात, डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक. खाण्याचेही त्यांचे फार नखरे नसतात. रंगातला चिकटा, प्लायचं लाकूड, पुस्तकाच्या बांधणीतली खळ, काहीच नसेल तर भिंतीवर साचलेली धूळ. अडतं ते फक्त पाण्यावाचून. एखादी जागा भिजली आणि एक-दोन दिवसांत सुकली नाही की पेरणी झालीच. घरातली आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत ठेवा, असं तज्ज्ञ सांगतात. मुंबई-ठाण्यात जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरच्या हवेचाच आकडा बहुतेक वेळ ८०च्या वर असतो. ते तज्ज्ञ आपल्याकडे पुष्य नक्षत्रात राहून गेलेले नसावेत.

यावर आमच्या आईचं ठरलेलं वाक्य: "गावच्या घरात नव्हती हो असली बुरशी." गाव संगमेश्वराजवळ, म्हणजे पाऊस ठाण्याहून जास्तच. तिचं म्हणणं अगदीच खोटं नाही. कौलांच्या फटींतून हवा खेळायची, भिंतींना चुन्याची सफेदी असायची आणि ताजा चुना इतका अल्कधर्मी असतो की बुरशीला त्यावर मूळ धरणं कठीण जातं. शिवाय स्वयंपाकघरात दिवसभर चूल. धुराने आणि उबेने आढ्यापर्यंत सगळं कोरडं. पण त्याच धुराने आजी आयुष्यभर खोकत होती, हे सांगायचं राहून जातं. चुलीच्या धुराने फुप्फुसं कायमची अधू होतात, हे आता डॉक्टर सर्रास सांगतात. तेव्हा जुन्या घराचं गुणगान मी अर्धंच ऐकतो.

नव्या घराची तऱ्हा वेगळी. भिंतीवर पुट्टी, पुट्टीवर प्लास्टिक पेंट. भिंतीत शिरलेल्या ओलीला बाहेर पडायला वाट नाही, मग ती पोपडे काढून वाट करते. बाथरूमला खिडकी नाही, डक्टकडे उघडणाऱ्या दोन काचेच्या पट्ट्या, आणि त्याही कबुतरांच्या भीतीने बंद. बाल्कनी हॉलमध्ये घेतलेली, म्हणून कपडे हॉलच्या छताला दोरीवर. चार माणसांचे पिळून टाकलेले कपडे रात्रभरात सुकतात तेव्हा त्यांतलं पाणी जातं कुठे? खोलीच्या हवेत. आणि हवेतून सगळ्यात गार भिंतीवर, म्हणजे कपाटामागे. खिडकी उघडायची म्हटलं तर पाऊस आत येतो. एसी 'ड्राय'वर टाकला तर बरंच पाणी खेचून घेतो, फक्त त्याची जाळी महिनोन् महिने धुतली नसेल तर आतल्या ओलीत तोही स्वतःचं छोटंसं पीक घेतो.

आता तब्येतीचं. बुरशी म्हटलं की अजूनही लोकांना २०२१चा मे महिना आठवतो. कोविडमधून उठलेल्या माणसांना म्युकरमायकोसिस होत होता, रुग्णालयांत इंजेक्शनसाठी धावाधाव चालली होती, आणि वर्तमानपत्रांनी त्याला 'काळी बुरशी' करून टाकलं. त्याच सुमाराला मोबाइलवर एक निरोप फिरला: कांद्याच्या सालीवरची काळी भुकटी आणि फ्रिजच्या रबरावरचे काळे डाग, हीच ती काळी बुरशी. आमच्या इमारतीत कितीतरी कांदे त्या आठवड्यात कचऱ्यात गेले. खरं तर कांद्यावरची काळी भुकटी हे ॲस्परजिलस नायजर नावाच्या वेगळ्याच बुरशीचं काम. म्युकरच्या जातीच्या बुरश्या वाढताना पांढुरक्या-करड्या दिसतात. काळं पडतं ते रोग्याचं मेलेलं मांस. आणि तो रोग जडला तो मुख्यतः साखर हाताबाहेर गेलेल्यांना आणि स्टेरॉइडचे मोठे डोस घेतलेल्यांना. कांदा निर्दोष होता. धुऊन, वरची पापुद्र्याची साल काढून खाल्ला असता तरी चाललं असतं.

रंगावरून घाबरण्याची खोड एकट्या आपल्याला नाही. अमेरिकेत १९९०च्या दशकात क्लीव्हलँड शहरात काही तान्ह्या बाळांच्या फुप्फुसांत रक्तस्राव झाला. त्यांच्या घरांत पाणी मुरलेलं होतं आणि स्टॅकीबॉट्रिस नावाची काळपट हिरवी बुरशी सापडली. तेव्हापासून 'विषारी काळी बुरशी' हा तिकडचा बागुलबुवा झाला. तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने २०००मध्ये त्या प्रकरणाचा अभ्यास पुन्हा तपासला आणि संबंध सिद्ध होत नाही असं जाहीर केलं, पण बागुलबुवाला ते कुणी कळवलं नाही.

मग काहीच होत नाही का? होतं, आणि ते भीतीच्या बातम्यांपेक्षा फार मामुली दिसतं म्हणूनच हातातून निसटतं. सकाळी उठल्या उठल्या शिंकांची माळ. रात्री कोरडा खोकला. नाक चोंदलेलं, डोळे चुरचुरणारे. दमेकऱ्याचा पंप नेहमीपेक्षा लवकर संपतो. आपण म्हणतो, "हवा बदलली." जागतिक आरोग्य संघटनेने २००९मध्ये घरातल्या ओलीवर आणि बुरशीवर एक सविस्तर अहवाल काढला. ओल्या घरात राहणाऱ्यांमध्ये श्वसनाच्या तक्रारी, ॲलर्जी आणि दमा जास्त आढळतो, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त पटली. हवेत अमुक इतके बीजाणू चालतील, अशी रेघ त्यांनी ओढलीच नाही. ओल येऊ देऊ नका आणि आली तर काढा, एवढंच सांगितलं. म्हणजे कुठली जात, कुठला रंग, प्रयोगशाळेत किती पैसे भरायचे, हा सगळा खटाटोप बहुतेक घरांना गरजेचा नाही. दिसतेय, वास येतोय, बास.

इंग्लंडमधल्या रॉचडेलमध्ये २०२०च्या डिसेंबरात एक दोन वर्षांचा मुलगा गेला. सरकारमान्य भाड्याच्या घरात भिंतभर बुरशी, आईबापांच्या तक्रारींवर उत्तर काय, तर रंग लावून घ्या. चौकशीत २०२२मध्ये मृत्यूचं कारण म्हणून त्या बुरशीवरच बोट ठेवलं गेलं आणि पुढे घरमालकांना ठरावीक मुदतीत दुरुस्ती करायला लावणारा कायदा त्या मुलाच्या नावाने झाला. असं क्वचित घडतं. पण तान्ही मुलं, म्हातारी माणसं, दमेकरी आणि प्रतिकारशक्ती खचलेले रुग्ण यांची खाट त्या भिंतीजवळ असेल, तर "पावसाळ्यात व्हायचंच" हे वाक्य मला ऐकवत नाही.

बुरशीच्या बाजूनेही एक शब्द टाकायला हवा. पुण्याशेजारी पिंपरीत १९५४पासून हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना आहे. भाकरीवर पाहिली की आपण नाक मुरडतो त्याच पेनिसिलियम घराण्याची बुरशी तिथे मोठमोठ्या टाक्यांत मुद्दाम वाढवली गेली, आणि देशाला पेनिसिलिन मिळालं. पुढे तिथलेच शास्त्रज्ञ थिरुमलाचार यांच्या चमूने पिंपरीच्या मातीतून एक जिवाणू वेगळा काढला. त्याच्यापासून हॅमायसिन नावाचं औषध झालं, तेही बुरशी मारणारं. जिवाणूचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. एका गावच्या टाक्यांत बुरशीचा संसार आणि त्याच गावच्या मातीत तिचा वैरी. कारखाना पुढे स्वतःच आजारी उद्योगांच्या यादीत गेला.

भाकरीचा विषय निघालाच आहे तर: "तेवढं काढून टाक, बाकी चांगलं आहे" हा घरोघरचा न्याय पावाला आणि पोळीला लागू होत नाही. वर दिसतो तो हिरवा ठिपका. तंतू आत कुठवर गेलेत ते दिसत नाही. शेंगदाण्यांचं तर त्याहून वाईट. कुबट दाणे भाजले की बुरशी मरते, पण तिने आधी करून ठेवलेलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष कढईतल्या भाजणीला पुरतं दाद देत नाही आणि कुटात मिसळून बसतं. १९७४मध्ये गुजरात-राजस्थानच्या सीमेवरच्या आदिवासी गावांत बुरसलेला मका खाऊन यकृताच्या विकाराने १००हून जास्त माणसं दगावली. पावशेर दाणे फेकताना आईचा जीव वर-खाली होतो, तेव्हा मी हे सांगतो. ती फेकते, पण माझ्याकडे बघत.

भिंतीवर उपाय करताना लोक पहिल्यांदा कोरडा ब्रश घेतात आणि सगळं बियाणं खोलीभर उधळतात. ओलं फडकं, साबणाचं पाणी, नाकावर मास्क, उघडी खिडकी, एवढ्यात काम होतं. ब्लीच आणि संडास धुवायचं ॲसिड एकत्र ओतणारे शूरवीर आहेत. त्यातून क्लोरीन वायू निघतो, तो बुरशीआधी आपल्यालाच गाठेल. आणि भिंत सुकायच्या आत रंग लावू नये. रंगारी तयारच असतो, तो 'बुरशीरोधक' शेड कार्डासकट येतो, पण खालची ओल तशीच असेल तर दसऱ्याचा रंग होळीपर्यंत फुगतो.

पाणी येतंय कुठून, हा खरा प्रश्न. त्याची एक सोपी परीक्षा आहे. भिंत पुसून तिच्यावर जाड प्लास्टिकचा चौकोन चारी बाजूंनी चिकटपट्टीने पक्का लावायचा आणि दोन दिवस वाट बघायची. थेंब प्लास्टिकच्या खोलीकडच्या बाजूला जमले तर पाणी आपल्याच हवेतलं, कपडे-स्वयंपाक-आंघोळीचं. आतल्या, भिंतीकडच्या बाजूला जमले तर भिंतीतून येतंय. मग वरच्या मजल्यावर जायचं.

"वहिनी, तुमच्या बाथरूममधून आमच्याकडे ओल येतेय बहुतेक."

"छे हो, आमच्याकडे तर एकदम कोरडं आहे!"

असणारच. पाणी खाली आलंय ना. नहाणीची जाळी बुजवून रात्रभर पाणी तुंबवून ठेवलं की सकाळी खरं-खोटं होतं. वहिनींनी ते करू दिलं, वर चहाही दिला, आणि त्या निर्दोष सुटल्या. आमच्या भिंतीत पाणी बाहेरच्या गिलाव्याच्या चिरेतून येतंय. हे कळणं महत्त्वाचं, कारण गृहनिर्माण संस्थांच्या उपविधींप्रमाणे फ्लॅटमधल्या संडास-बाथरूमच्या गळतीचा खर्च सभासदाचा, पण बाहेरच्या भिंतीतून आणि गच्चीतून येणाऱ्या पावसाच्या पाण्याचा सोसायटीचा. सेक्रेटरी काकांचं म्हणणं, पावसात परांची कशी बांधणार, पाऊस गेल्यावर बघू. पाऊस जातो, ऑक्टोबरच्या उन्हात भिंत खडखडीत वाळते आणि मग कुणाला काही दिसत नाही.

एक बरं आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, तेव्हा भिंत अजून ओलीच असते. भिंगातून काढलेले फोटो मी मोठे करून घेतलेत. विषयपत्रिकेत गळती तिसऱ्या क्रमांकावर आहे. पहिले दोन विषय पार्किंगचे आहेत.